दगड, काच आणि मधली दोन बोटं

काच फुटली तेव्हा आधी मला वाटलं टायर फुटला. आवाज तसाच होता. पाय ब्रेकवर गेला, हाताने पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या यंत्राला देणारा दांडा, बंद केला आणि मग उजवीकडे पाहिलं. केबिनची उजवी काच जागेवरच होती, पण तिच्यातून बाहेरचं काही दिसत नव्हतं. सगळी पांढरीफटक झाली होती. एक-दोन सेकंद ती तशीच उभी राहिली आणि मग खळकन माझ्या मांडीवर, सीटखाली, लिव्हरांच्या फटींत कोसळली.

दगड सीटच्या मागे सापडला. लिंबाएवढा. नंतर वजन केलं, ९० ग्रॅम भरलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मानेवर आणि मनगटावर बारीक ओरखडे उठले, तेवढ्यावर निभावलं. पण त्या दिवशी पुन्हा ट्रॅक्टरवर चढायची हिंमत झाली नाही. काच मध्ये नसती तर तो दगड माझ्या कानशिलात बसला असता, आणि आता पुढच्या दगडासाठी मध्ये काचही उरली नव्हती.

वाढलेलं गवत, झुडपं, तोडून पडलेल्या फांद्या मल्चरने बारीक करायचं काम मी करतो. मल्चर ट्रॅक्टरच्या मागे, थोडा उजवीकडे सरकवलेला असतो. त्यामुळे दिवसभर मान उजव्या खांद्यावरून मागे वळलेली असते. दगड ज्या बाजूने यायचा त्याच बाजूला माझं तोंड. इतकी वर्षं हे मनात कसं आलं नाही, याचं आजही नवल वाटतं.

त्या रात्री हिशेब मांडला. माझ्या मल्चरचा रोटर, म्हणजे हातोडे लावलेला फिरता रूळ, हातोड्यांच्या टोकांपर्यंत धरला तर ४५ सेंटीमीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला २००० फेरे घेतो. म्हणजे हातोड्याचं टोक सेकंदाला ४७ मीटर जातं, ताशी १७० किलोमीटरच्या आसपास. ९० ग्रॅमचा दगड त्या वेगाने सुटला असं धरलं तर त्याच्यात १०० ज्यूलच्या घरात ऊर्जा असते. ज्यूल म्हटल्यावर काही डोळ्यांसमोर येईना, म्हणून दुसऱ्या रीतीने मांडलं. १० किलोचं वजन १ मीटर उंचीवरून सोडायचं आणि तो सगळा मार दगडाच्या एका टोकावर येऊ द्यायचा. असं काचेवर कोणी मुद्दाम केलं तर ती टिकेल अशी माझी अपेक्षा असेल का? दगड दुप्पट जड असेल तर मार दुप्पट होतो, पण वेग दुप्पट झाला तर मार चौपट होतो. आडव्या फिरणाऱ्या लांब पात्यांच्या गवत कापायच्या यंत्रांत टोकाचा वेग माझ्या मल्चरपेक्षाही जास्त निघतो, हेही त्याच हिशेबात कळलं.

फुटलेली काच टफन्ड होती. ही काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटपट गार करतात. वरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो. त्यामुळे वरचा थर कायम दाबाखाली राहतो आणि गाभा कायम ताणाखाली. पसरट धक्का ही काच चांगला सोसते. मात्र एखाद्या अणकुचीदार टोकाने वरचा थर भेदला आणि चीर गाभ्यापर्यंत पोचली की सगळी काच एकदम सुटते. तिचे सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत, दाणे होतात, आणि माझी मान त्यामुळेच वाचली. लॅमिनेटेड काचेची गोष्ट वेगळी. तिच्या दोन पदरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. ती तडकते, पण जागा सोडत नाही.

नवी काच बसवून घेतली आणि आता हिला वाचवायचंच असं ठरवलं. पहिला विचार आला तो जाळीचा. सगळेच जाळी सांगतात. मी ३ मिलिमीटर तारेची, २५ मिलिमीटर चौकोनाची वेल्डमेश आणली आणि अँगलची चौकट करायला मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, केबिनच्या मागच्या खांबावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथंच दोन टाके मारू. जन्मात हलणार नाही."

मी थांबवलं. "मिस्त्री, या खांबाला हात नको. ट्रॅक्टर उलटला तर सगळा भार हाच घेणार आहे."

त्या खांबांवर पट्टी लावलेली असते आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकातही स्पष्ट लिहिलेलं असतं की या सांगाड्याला वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो, आणि भोक पडलं की वाकताना तुटायला तिथूनच सुरुवात होते. मिस्त्रींना ते पटलं. मग केबिनवर आरसे आणि कामाचे दिवे लावायला कारखान्यातूनच आट्यांची जी भोकं दिलेली असतात, ती आम्ही शोधून काढली. उजव्या बाजूला अशी चार मिळाली. तेवढ्यांवर चौकट बसली.

जाळी लावून काही दिवस मी निर्धास्त होतो. नंतर एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली.

जाळीतून सतत मागे बघितल्याने डोळे शिणत. नजर कधी तारेवर थांबायची, कधी तारेपलीकडे. रात्री मागचा दिवा लावला की जस्ताच्या तारा चकाकायच्या आणि मल्चर दिसेनासा व्हायचा. जाळीला काळा मॅट रंग दिल्यावर ते पुष्कळ कमी झालं. जाळी वापरणाऱ्या कोणालाही मी हे सांगतो, आधी काळा रंग द्या. पण चौकोनापेक्षा लहान खडा सरळ आत यायचा, त्यावर रंगाचा काय उपाय?

मोठी चूक मात्र वेगळीच होती. जाळी मी काचेपासून जेमतेम एका बोटावर बसवली होती. एक दगड जाळीच्या मधोमध आदळला. जाळी आत दबली, तारांच्या सांध्याची गाठ काचेला टेकली आणि परत मागे गेली. काच शाबूत दिसली. जवळून पाहिलं तर मोहरीएवढा टवका उडाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीत मी दार लावलं आणि नुसत्या त्या हादऱ्याने अख्खी काच खाली आली. टवका गाभ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचला असणार. जे काही मध्ये लावू ते मार लागल्यावर आत येणारच, तेव्हा त्याला आत यायला जागा ठेवली पाहिजे, हे त्या पहाटे कळलं.

जाळीवरून माझं मन पुरतं उडालं ते पुढे आठ-दहा दिवसांनी. चराच्या कडेने जाताना डावी चाकं घसरली आणि ट्रॅक्टर डावीकडे कलून बांधाला टेकला. उलटला नाही, पण डावं दार मातीला लागलं आणि उघडेना. उजव्या बाजूला उघडणारी खिडकी आहे आणि अडचणीत बाहेर पडायचा रस्ता तोच. तिच्यावर मी चार बोल्टांनी जाळी आवळून ठेवली होती. बोल्ट बाहेरून, पाना पेटीत, पेटी बाहेर. मागच्या काचेतून अंग काढून मी बाहेर आलो. इंजिन बंद होतं, धूर नव्हता, घाईचं कारण नव्हतं. तरी बाहेर उभं राहिल्यावर पाय लटपटत होते. दगडापासून वाचायला मी स्वतःला कोंडून घेतलं होतं. जाळी त्याच दिवशी उतरवली.

मध्ये काही दिवस काचेवर आतून सेफ्टी फिल्म लावून काम केलं. ही पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म असते, साधारण २०० मायक्रॉनपर्यंत जाडीची. साबणाच्या पाण्याने चिकटवायची, रबरी पट्टीने पाणी काढायचं, आणि पूर्ण पकड यायला काही आठवडे थांबायचं. फिल्मने काच फुटायची थांबत नाही, पण फुटलेले दाणे अंगावर येत नाहीत. ती मी अजूनही ठेवली आहे.

शेवटी पॉलिकार्बोनेटकडे आलो. घेतानाच पहिली खबरदारी घ्यावी लागते, कारण अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही सारखीच पारदर्शक, दोन्ही हलकी, दोन्हींवर संरक्षक पापुद्रा. नुसत्या नजरेला फरक कळत नाही. मी दोन्हींचे बोटभर रुंद तुकडे मागितले, एकेक पकडीत धरून वाकवला. अॅक्रिलिक कट्कन तुटलं. पॉलिकार्बोनेट कागदाच्या घडीसारखं दुमडलं, दुमडीवर पांढरं पडलं, पण तुटलं नाही. मला हवी होती ती हीच लव. काच मार अडवताना जराही वाकत नाही, म्हणून सगळा झटका क्षणात अंगावर घेते. पॉलिकार्बोनेट आत झुकतं, मार पसरतो आणि दगड थोपवायला त्याला थोडा जास्त वेळ मिळतो. वजनातही उतार आहे. ६ मिलिमीटरचा चौरस मीटरभर पत्रा सात किलोच्या थोडा वर भरतो, तेवढीच काच १५ किलो.

पहिला पत्रा मी वाया घालवला. कसा ते सविस्तर सांगतो, कारण हीच चूक मी नंतर दोन-तीन जणांच्या ट्रॅक्टरवर पाहिली.

८ मिलिमीटरच्या बोल्टला ८ मिलिमीटरचंच भोक पाडलं. लोखंडी वॉशर सरळ प्लास्टिकवर. हादऱ्याने नट सुटू नयेत म्हणून आट्यांवर आटे जाम करायचं द्रव टाकलं आणि पाना जाईल तेवढा आवळला. लोखंडाच्या कामात याला नीट काम म्हणतात. काही दिवसांनी भोकांभोवती केसासारख्या चंदेरी रेषा उठल्या. पुढे एका कडक दुपारी, ट्रॅक्टर नुसता उभा असताना, टच् असा आवाज झाला आणि एका भोकापासून कडेपर्यंत चीर गेली. दगडाचा स्पर्शही नव्हता.

नंतर समजून घेतलं. पॉलिकार्बोनेटचा प्रत्येक मीटर तापमानाच्या एका अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतो. पहाटेचा गारठा आणि दुपारचं ऊन यांत ४० अंशांचा फरक पडला तर मीटरभर पत्रा पावणेतीन मिलिमीटरच्या जवळपास लांबतो. लोखंडाची चौकट तेवढ्यात अर्धा मिलिमीटरच वाढते. बोल्टांनी जखडलेला पत्रा जाणार कुठे? त्याचा सगळा ताण भोकांच्या कडांवर येतो. त्यात आटे जाम करायचं द्रव, पेट्रोल, थिनर, अॅसिटोन असली रसायनं ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला लागली की तिथून चिरा सुटतात. दोन्ही गोष्टी मी एकाच जागी केल्या होत्या.

दुसऱ्या पत्र्याला भोकं १२ मिलिमीटरची पाडली, कडेपासून ३० मिलिमीटर आत. ड्रिल सावकाश चालवलं. करवत बारीक दातांची घेतली. कापलेल्या कडा आधी कानशीने आणि मग पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या, चारही कोपरे गोल केले, कारण चीर नेहमी एखाद्या खाचेतूनच निघते. दोन्ही बाजूंना ईपीडीएम रबराच्या रुंद चकत्या घातल्या. पीव्हीसीच्या चकत्या टाळल्या, कारण त्यातलं मऊ करणारं द्रव्य झिरपून पत्र्याला लागतं. नट नायलॉनच्या कड्याचे घेतले, म्हणजे द्रव लागतच नाही. आणि नट आवळले ते रबर नुसतं धरेल इतकेच. अजूनही मी प्रत्येक वॉशर बोटांनी फिरवून पाहतो. फिरला पाहिजे. आवळायची सवय लागलेल्या हाताला एवढ्यावर थांबवायला मला फार प्रयास पडले.

दोन बारीक गोष्टी. संरक्षक पापुद्र्यावर छापलेलं असतं की उन्हाकडे कोणती बाजू ठेवायची. अतिनील किरण अडवणारा थर बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. पापुद्रा काढण्याआधी ती बाजू ओळखून कडेला खूण करून ठेवावी, नाहीतर उलटा लागलेला पत्रा उन्हात पिवळा पडतो. आणि काम झालं की पापुद्रा लगेच काढावा, उन्हात तो चिकटून बसतो.

माझी खिडकी मधे जराशी फुगीर आहे. साधा ६ मिलिमीटरचा पत्रा गार अवस्थेत वाकवायचा तर वळणाची त्रिज्या जाडीच्या किमान १०० पट, म्हणजे ६०० मिलिमीटर तरी लागते. तेवढं जमलं असतं. पण मला ओरखड्यांसाठी वरून कडक लेप दिलेला पत्रा हवा होता आणि लेपाचा पत्रा असा वाकवू नये. म्हणून पत्रा सपाटच ठेवला आणि चौकट बाहेर सरकवली. खिडकीच्या फुगवट्यापाशी दोन बोटं जागा राहील एवढी, आणि कडांना त्याहून जास्त. बसवल्यावर तळहात टेकवून अंगाचा भार मधोमध टाकला. पत्रा बोटभर आत गेला, काचेला लागला नाही. तेव्हा समाधान झालं.

बाहेर पडायचा रस्ता मोकळा ठेवायचा यावर मिस्त्रींनी आणि मी बराच वेळ घालवला. उत्तर सोपं निघालं. दगडाचा मार आतल्या दिशेने येतो, तेव्हा तो मार झेलायला चौकट केबिनच्या कडेला लावलेल्या रबरी गाद्यांवर टेकली की पुरे. बाहेरच्या दिशेने तिला कोणी ओढत नाही. मग चार बोल्ट हवेत कशाला? पुढच्या बाजूला दोन बिजागऱ्या, मागच्या बाजूला स्प्रिंगचा खटका. खिडकीच्या कडेला रबरी ठोकळा लावला. आतून खिडकी ढकलली की ठोकळा चौकटीला लागतो, खटका सुटतो आणि दोन्ही मिळून बाहेर उघडतात. खटका इतकाच कडक ठेवला की खाचखळग्यांत आपोआप उघडू नये आणि एका हाताच्या धक्क्याने सुटावा. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून, सीटवर वाकड्यातिकड्या अवस्थेत बसून चार वेळा उघडून पाहिला. दर महिन्याला बिजागऱ्यांना तेल घालताना पुन्हा पाहतो.

चौकट उघडते म्हणून मधली धूळही धुता येते. पॉलिकार्बोनेटवर धूळ फार ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसलं तर लेप असूनही रेघा उठतात. आधी भरपूर पाण्याने माती सोडवायची, मग सौम्य साबण आणि मऊ सुती कापड. माझ्या मदतनिसाने एकदा ऑइलचा डाग काढायला पेट्रोलचा बोळा उचलला होता, त्याचा हात मी अक्षरशः वरच्यावर धरला. समोरच्या काचेवर हा पत्रा मी लावला नाही. तिथे वायपर फिरतो आणि वायपरखालची माती थोड्याच दिवसांत पत्रा धुरकट करून टाकील. रात्री दिव्याचं दुहेरी प्रतिबिंब पडायचं, ते दिवा थोडा बाहेर नेऊन खाली झुकवल्यावर गेलं.

जंगलात जाड लाकूड तोडणाऱ्या यंत्रांसाठी हे सगळं अपुरं आहे, हे मुद्दाम सांगतो. त्या केबिनांना १२ मिलिमीटर आणि त्याहून जाड पॉलिकार्बोनेट असतं आणि चालकाच्या संरक्षक सांगाड्यासाठी आयएसओ ८०८४ हे वेगळं मानक आहे. करवतीच्या साखळीचा तुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. तिथे घरी केलेल्या चौकटीच्या भरवशावर कोणी बसू नये.

इतकं करेपर्यंत मी सगळं लक्ष काचेकडे दिलं होतं. दगड सुटतो मल्चरच्या तोंडातून, आणि तिथे मी बघितलंच नव्हतं. पुढच्या साखळ्यांच्या पडद्यातल्या कितीतरी साखळ्या झिजून तुटल्या होत्या. मागच्या रबरी पट्ट्या वर दुमडून कडक झाल्या होत्या. दोन हातोडे अर्धे झिजलेले, त्यामुळे रोटर थरथरायचा. मी साखळ्यांची रांग पुरी केली, पट्ट्या बदलल्या, हातोडे समोरासमोरच्या जोड्यांनी बदलले म्हणजे तोल राहतो. कापणीची उंची जमिनीपासून चार-पाच बोटं वर घेतली. खडकाळ जागेत आधी पायी फिरून मोठे धोंडे आणि तारेचे तुकडे उचलतो, उचलता येत नाही तिथे काठी रोवून फडकं बांधतो. दगड येण्याचं प्रमाण एवढ्यानेच इतकं उतरलं की हे काम आधी करायला हवं होतं असं मनापासून वाटतं. केबिनमध्ये मी तरी आडोशाला असतो. बाजूने चालणाऱ्या माणसापुढे त्या साखळ्यांशिवाय काहीच नसतं. कोणी जवळ येताना दिसलं की मी पीटीओ बंद करतो आणि ते माणूस पुरतं लांब गेल्यावरच पुन्हा लावतो.

मध्यंतरी एका ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात काम चाललं होतं. उजव्या बाजूला थप्प असा जाड, बसका आवाज आला. पहिल्या वेळेसारखाच पाय ब्रेकवर गेला, पीटीओ बंद केला, इंजिन थांबवलं. रोटर पूर्ण थांबेपर्यंत सीटवरच बसून राहिलो. पत्र्यावर खालच्या बाजूला पांढरट चांदणी उमटली होती, नखाएवढी. पत्र्यामागच्या काचेवर काही नाही. उतरून मल्चरच्या पुढे वाकून पाहिलं. उजव्या टोकाच्या तीन साखळ्या गेल्या होत्या, मधे हातभर भगदाड. पेटीतून नवीन साखळ्या काढल्या, सळई ओढून त्या ओवल्या, पिना घातल्या आणि राहिलेला तुकडा संपवला.